न खाजणारी खरूज

अंगावर खरजेचे दहा-बारा किडे असले की माणसाच्या रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तेच किडे दहा लाख झाले, तर पुष्कळदा तो स्वस्थ घोरत पडतो. छापताना आकड्यांची अदलाबदल झालेली नाही. खरजेचा एक विरळा प्रकार आहे. त्यात अंगावर खपल्यांचे थर चढतात, त्या थरांत किड्यांची अख्खी वस्ती होते, आणि ज्याच्या अंगावर ती वस्ती आहे त्याला म्हणावी तशी खाजच सुटत नाही. खाजतं ते त्याच्या घरच्यांना, शेजारच्या खाटेवरच्याला, त्याची चादर बदलणाऱ्या नर्सला. डॉक्टरी भाषेत याला क्रस्टेड स्केबीज म्हणतात. आपण खपलीची खरूज म्हणू.

ही हकीगत इंदूरच्या सियागंजातून सांगायला सुरुवात केलेली बरी. सियागंज म्हणजे रेल्वे स्टेशनाला लागून असलेली किराण्याची ठोक बाजारपेठ. जिरं, मिरची, हळद, लवंग, सुकामेवा, चहा यांची पोती आणि पेट्या दिवसभर चढत-उतरत असतात, आणि नवखा माणूस पहिल्या गल्लीतच शिंकायला लागतो. माळव्यातल्या खेड्यापाड्यांतले दुकानदार माल भरायला इथे येतात. पोती उचलणारे हमाल, हातगाडीवाले, पेढ्यांवरची पोरं यांत बाहेरगावचे बरेच. खोलीचं भाडं वाटून घेतात आणि रात्री एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपतात. खरजेच्या किड्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. एक ऊबदार कातडी हवी, आणि तिला लागून दुसरी. म्हणून तो वसतिगृहांत रमतो, आश्रमशाळांत रमतो, तुरुंगात रमतो आणि नातवाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आजीच्या अंथरुणातही रमतो. स्वच्छतेचा त्याला फारसा अडसर होत नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, हे पुष्कळांना पटत नाही. म्हणून लोक ती लपवतात, आणि लपवली की ती पसरते.

किडा म्हटलं तरी तो कीटक नव्हे. त्याला आठ पाय. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला. शास्त्रीय नाव सार्कोप्टिस स्केबिआय. मादी फार तर ०.४५ मिलिमीटर, नर साधारण तिच्या निम्मा. तिला डोळे नाहीत. श्वासनलिकाही नाहीत, प्राणवायू अंगाच्या पातळ आवरणातून आत झिरपतो. तरी वास आणि ऊब यांच्यावरून माणूस कुठे आहे ते तिला कळतं. ऊबदार कातडीवर ती मिनिटाला अडीच सेंटिमीटरपर्यंत चालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेच्या घडीत, बेंबीभोवती किंवा कमरेला मनासारखी जागा सापडली की तासाभराच्या आत ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात घुसते. हा थर मेलेल्या पेशींचा. ती त्याच्या फारशी खाली जात नाही आणि रक्तही पीत नाही. लाळेने पेशी विरघळवायच्या, तो रस पोटात घ्यायचा, बोगदा खणत पुढे सरकायचं. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर मजल होते. मागे दोन-तीन अंडी आणि विष्ठेचे गोळे राहतात. महिना-दीड महिना हाच उद्योग, आणि शेवट त्याच बोगद्यात. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, सहा पायांची पिल्लं वर येतात, आणि दोन आठवड्यांत नवी पिढी खणायला तयार.

एवढं सगळं चालू असताना पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काही म्हणजे काही कळत नाही. कारण खाज किड्याच्या चालण्या-खणण्याची नसतेच. किड्याची लाळ, अंडी आणि विष्ठा परकी आहेत हे शरीराला उमजलं की ते त्यांच्याविरुद्ध जो गदारोळ उठवतं, त्याची ती खाज. उमजायला महिना लागतो. तीच लागण पुढे कधी दुसऱ्यांदा झाली की शरीर जुनी ओळख विसरलेलं नसतं, आणि एक ते चार दिवसांतच माणूस खाजवायला लागतो.

हे आपल्याला कळलं ते एका विलक्षण प्रयोगातून. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सैन्यात खरूज माजली होती. सरकार सैनिकांची घोंगडी आणि कपडे भट्टीत घालून तापवत होतं. केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाला शंका आली की किडे घोंगडीतून येतात हे कुणी तपासून पाहिलंय का? १९४१ साली त्याने शेफील्डमध्ये काही तरुण गोळा केले. हे सगळे युद्धविरोधी, तत्त्वासाठी बंदूक हातात न धरणारे. त्यांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे घालायला दिले, त्यांच्या घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपायला लावलं. आठवडे गेले तरी जवळजवळ कुणालाच काही होईना. शेवटी खरूज झालेल्या माणसाशेजारी एकाच अंथरुणात झोपवलं, तेव्हा मात्र लागण नीट झाली. भट्ट्यांवरचा खर्च बराचसा वाया चालला होता. मेलनबीने आणखी एक किचकट काम केलं. रुग्णांच्या अंगावरचे किडे एकेक करून मोजले. माणसामागे सरासरी निघाली अकरा-बाराची. आधी किडे वाढत जातात, काही जणांत शेकड्यांवर पोचतात. मग खाज सुरू होते, नखं चालू लागतात, आणि किडे भराभर कमी होतात.

म्हणजे खाजवणं हे निव्वळ लक्षण नाही, तो उपचारही आहे. नखाने बोगद्याचं छप्पर उडतं, मादी उघडी पडते, अंडी निखळतात. आईने 'खाजवू नकोस रे' म्हणून हातावर मारलेली चापट जखम चिघळू नये म्हणून ठीकच, पण किडा आटोक्यात ठेवण्याचं निम्मं श्रेय त्या नखांना द्यायला हवं. खपलीच्या खरजेची किल्ली इथेच आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हा किडा सापडण्याची कथाही माणसांच्या हट्टीपणावर चांगला प्रकाश टाकते. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हान्नी बोनोमो हा डॉक्टर आणि डायचिंतो चेस्टोनी हा औषधविक्रेता यांनी पाहिलं की साध्यासुध्या बायका सुईच्या टोकाने मुलांच्या कातडीतून काहीतरी बारीक टोकरून काढतात. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, चित्र काढलं आणि छापलं. एका ठराविक सूक्ष्म जीवामुळे एक ठराविक रोग होतो, असं इतक्या स्पष्टपणे दाखवणारी ही पहिली नोंद मानतात. पाश्चरच्या जन्माला अजून सव्वाशेहून जास्त वर्षं होती. वैद्यकाने काय केलं? ऐकून सोडून दिलं. रोग रक्तातल्या दोषाने होतो हे पढून तयार झालेल्या पंडितांना सुईच्या टोकावरचा जीव फार क्षुल्लक वाटला. १८१२ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात गालेस नावाच्या माणसाने 'किडा सापडला' म्हणून प्रबंध लिहिला, तर त्यातलं चित्र निघालं शिळ्या चीजमधल्या किड्याचं! झाली ती फजिती इतकी की पुढची वीस वर्षं किड्याचं नाव काढणारा हास्यास्पद ठरे. अखेर १८३४ साली त्याच रुग्णालयात रेनुची हा कोर्सिका बेटावरचा विद्यार्थी सुई घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत त्याने किडा काढून दाखवला. कुठे शोधायचा हे तो आपल्या बेटावरच्या बायकांकडून शिकला होता. फुटकुळीत नाही, तर तिच्यापासून निघणाऱ्या बारीक रेघेच्या टोकाला. विद्वान मंडळी दीडशे वर्षं फुटकुळ्याच फोडत बसली होती.

(याच मधल्या काळात, १८२८ साली, होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी जुनाट दुखण्यांपैकी बहुतेकांचं मूळ दबलेल्या खरजेत आहे, असा सिद्धांत मांडला. आपल्याकडे अजून 'मलम लावून खरूज आत दाबू नका' असं सांगणारे भेटतात. खरूज आत जात नाही. आत जायला तिला त्या वरच्या थराखाली काही कामच नाही.)

रेनुचीनंतर चौदा वर्षांनी नॉर्वेतल्या बर्गनमधून एक चमत्कारिक बातमी आली. तिथे तेव्हा कुष्ठरोग खूप होता. डानिएल्सेन आणि बोएक हे दोन डॉक्टर कुष्ठरोग्यांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यांना काही रोग्यांच्या अंगावर जाडजूड, भेगाळलेल्या, राखाडी-पिवळ्या खपल्या दिसल्या. खपलीचा तुकडा भिंगाखाली धरला तर त्यात खरजेच्या किड्यांची दाटी. जिवंत, मेलेले, अंडी, टरफलं, सगळं एकात एक. पुढे व्हिएन्नाच्या हेब्रा या त्वचारोगतज्ज्ञाने तिला नॉर्वेची खरूज असं नावच देऊन टाकलं. ते नाव पुस्तकांत अजून दिसतं, बिचाऱ्या नॉर्वेचा काही दोष नसताना.

बर्गनशी आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसलं तरी त्याची चित्रं ठाऊक असतात. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली मूळ चित्रं त्याची. ग्रंथ १८५८ साली निघाला, आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि या काळात त्याच्या डोक्यात कुष्ठरोगाने घर केलं. १८७३ साली तो मुद्दाम नॉर्वेला गेला, तिथली कुष्ठालयं पाहिली आणि भारताच्या संदर्भात त्यांवर अहवाल लिहिला. त्याच साली बर्गनमध्येच हान्सेनला कुष्ठाचा जंतू दिसला होता. ज्या कुष्ठालयांच्या शहराने जगाला खपलीची खरूज दाखवली, तिथवर जाणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या काळी प्रवास बोटीने होत असे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता या खपल्या कुष्ठरोग्यांच्याच अंगावर का? एक उत्तर साधं आहे. बधिर कातडीला खाज कळत नाही आणि झडलेल्या बोटांनी खाजवता येत नाही. अर्धांगाने लुळ्या पडलेल्या अवयवावरच खपल्या धरल्या आणि चांगली बाजू मोकळी राहिली, अशीही उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. दुसरं उत्तर प्रतिकारशक्तीत आहे. एचआयव्ही, रक्ताचे कर्करोग, मूत्रपिंड बदलल्यावरची औषधं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं, उतारवय, कुपोषण, डाउन सिंड्रोम, यांत शरीराचं सैन्य किड्यापुढे कमी पडतं. गंमत अशी की सैन्य झोपलेलं नसतं. रक्त तपासलं तर अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्यं प्रचंड वाढलेली सापडतात, इओसिनोफिल पेशींचा पूर आलेला असतो. पण हा सगळा गोंगाट चुकीच्या दिशेने. त्याने किडा मरत नाही, कातडी मात्र चिडून वेड्यासारखी वाढत सुटते. वाढलेली कातडी म्हणजे किड्याला आणखी घर आणि आणखी अन्न. त्यात किडाही कच्च्या गुरूचा चेला नाही. शरीराच्या संरक्षक प्रथिनांची साखळी मधेच बंद पाडणारी प्रथिनं तो आपल्या आतड्यातून सोडतो.

माणसाच्या बरोबरीने खपलीच्या खरजेचा फटका ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट या गुबगुबीत प्राण्याला बसला आहे. त्याच जातीचा किडा, तशाच खपल्या. डोळे-कान बुजेपर्यंत थर चढतात आणि प्राणी मरतो. हा किडा तिथे युरोपी वसाहतवाल्यांबरोबर पोचला असं मानतात. त्याच देशाच्या उत्तर भागातल्या आदिवासी वस्त्यांत माणसांतही खपलीची खरूज इतकी आढळते की २०१६ पासून नॉर्दर्न टेरिटरीत तिची सरकारदरबारी नोंद करणं बंधनकारक आहे.

निदानाकडे येऊ. समजा, सियागंजातल्या एका पेढीवर उभी हयात जमाखर्च लिहिलेले ऐंशीच्या घरातले एक मराठी आजोबा, घरच्यांचे अण्णा. माणूस काल्पनिक आहे, पण त्वचारोगतज्ज्ञांना हे चित्र ओळखीचं वाटेल. गेली दोन वर्षं अंगावर खवले आहेत. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांवर, कानामागे, डोक्यात जाड थर. नखं पिवळी पडून जाडावलेली, त्यांच्याखाली भुसा. वास येतो. आधी कुणी एक्झिमा म्हटलं, कुणी सोरायसिस म्हटलं, कुणी बुरशी. मलमं झाली, गोळ्या झाल्या. आजोबा म्हणतात, 'मला काही त्रास नाही हो, उगाच पोरं घाबरतात.' घरचे त्यांना एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, चर्मरोग विभागात घेऊन जातात.

अनुभवी डॉक्टर इथे आजोबांच्या कातडीआधी सूनबाईंच्या हातांकडे पाहतो.

'वहिनी, घरात आणखी कुणाला खाज येते का?'

'मला येते, पण ती भांड्यांच्या साबणाची. मोठ्याला घामोळ्याची. धाकट्याला शाळेतून काहीतरी घेऊन येतो त्याची.'

'आणि कामाला कोणी येतं?'

'मावशी येतात ना, अण्णांचे कपडे त्याच धुतात. त्यांनी तर गेल्या महिन्यात काम सोडलं, अंग फार खाजतं म्हणून.'

प्रत्येकाच्या खाजेला वेगळं कारण, आणि सगळ्यांच्या मधे एकटे न खाजवणारे आजोबा. रोग्याला खाज नाही आणि भोवतालच्या साऱ्यांना आहे, हे उलटं गणित ज्याच्या लक्षात आलं त्याचं निम्मं निदान तिथेच झालं. २०२० साली खरजेच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले. त्यांतही संपर्कातल्या कुणाला खाज आहे का, हा प्रश्न अधिकृतपणे घातलेला आहे.

उरलेलं निम्मं भिंगाखाली. साध्या खरजेत डर्मोस्कोप, म्हणजे हातात धरायचं उजेडाचं भिंग, बोटाच्या बेचक्यावर टेकवलं की एक बारीक गडद त्रिकोण दिसतो आणि त्याच्यामागे फिकट रेघ. त्रिकोण म्हणजे किड्याचं डोकं आणि पुढचे पाय, रेघ म्हणजे बोगदा. डॉक्टर याला जेट विमान आणि त्यामागचा धूर म्हणतात. साध्या रोग्याच्या साऱ्या अंगावर अशी विमानं दहा-बाराच, तेव्हा ती हुकतातही, आणि खरवडून काही सापडलं नाही म्हणून खरूज नाही असं छातीठोक सांगता येत नाही. खपलीच्या खरजेत मात्र शोधावं लागत नाही. शस्त्रक्रियेच्या पात्याने खपलीचा कण सोडवायचा, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवायचा, दहा पट भिंगातून बघायचं. सियागंजातला व्यापारी जिऱ्याच्या पोत्यात परखी खुपसून चिमूटभर नमुना तळहातावर घेतो आणि त्यावरून सगळ्या पोत्याचं काय ते ओळखतो, तसं. एका कणात गोल, अर्धपारदर्शक अंगाच्या माद्या, त्यांच्या पाठीवरचे टोकदार खवले, लांबट अंडी, तपकिरी विष्ठा, आणि मधेच सावकाश हलणारा एखादा आखूड पाय. नवशिके डॉक्टर हे पहिल्यांदा पाहतात तेव्हा नकळत स्वतःचं मनगट खाजवतात.

आजोबांची खरूज इतकी का माजली? वय हे एक कारण. दुसरं कारण बहुधा त्यांच्या उशाशी असतं. खाज, गजकर्ण, डाग, सगळ्यांवर एकच इलाज म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली ट्यूब. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र. लावली की दोन दिवसांत खाज गायब, म्हणून माणूस पुन्हा तीच आणतो. स्टेरॉइडने शरीराचा गदारोळ शांत होतो, किडा नाही. गदारोळ थांबला की नखं थांबतात, आणि किड्याला रान मोकळं. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. बंदी कागदावर आहे आणि ट्यूब काउंटरवर, असंच आजही बऱ्याच ठिकाणी दिसतं.

या ट्यूबने काय होतं याचा पुरावा हवा असेल तर तो ऑस्ट्रेलियातल्या डुकरांच्या गोठ्यात आहे. खरजेचा किडा काचेच्या बशीत वाढवता येत नाही, माणसाच्या किंवा प्राण्याच्या कातडीबाहेर तो दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं संशोधकांना किडे हवे असले की खपलीची खरूज झालेल्या रोग्याची वाट पाहावी लागे. मग त्यांनी डुकरांना लागण करून पाहिली. पण डुकरं निरोगी, काही आठवड्यांत बरी होऊ लागत. तेव्हा संशोधकांनी त्यांना स्टेरॉइड द्यायला सुरुवात केली, आणि मनाजोगत्या खपल्या धरल्या, महिनोन् महिने किड्यांचा पुरवठा सुरू राहिला. प्रयोगशाळेत जे मुद्दाम आणि मोजूनमापून करतात, ते आपल्याकडे स्वस्तातल्या ट्यूबने घरोघरी होतं.

उपचार कठीण नाही, पण चिकाटीचा आहे. मुख्य शस्त्र आयव्हरमेक्टिन. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात इतो गावाजवळच्या एका गोल्फच्या मैदानालगतची माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूने बनवलेल्या रसायनातून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध घडवलं. २०१५ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. हे औषध किड्याच्या नसा आणि स्नायू लुळे पाडतं. साध्या खरजेला आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. खपलीच्या खरजेत तीव्रतेनुसार तीन, पाच किंवा सात. सात असतील तर पहिला, दुसरा, आठवा, नववा, पंधरावा, बाविसावा आणि एकोणतिसावा दिवस. मात्रा वजनावर, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. गरोदर बाईला आणि पंधरा किलोंखालच्या मुलाला सहसा देत नाहीत. इतके फेरे कशाला, तर औषधाने अंडी मरत नाहीत. आज वाचलेलं अंडं चार दिवसांनी फुटणार, म्हणून त्याच्या वाटेवर पुन्हा उभं राहायचं.

पण जाड खपलीत आणि नखाखाली पोटातलं औषध नीट पोचतच नाही. म्हणून जोडीला बाहेरून मारा. सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा युरियाच्या मलमाने खपल्या मऊ करायच्या, कोमट पाण्यात भिजवून सोडवायच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापायची, आणि मग ५ टक्के परमेथ्रिनचं मलम डोक्यापासून तळपायापर्यंत, दर दोन-तीन दिवसांनी. साध्या खरजेत लोक फक्त खाजतं तिथे लावतात आणि फसतात, इथे तर कानामागची घडीसुद्धा सोडून चालत नाही. रोग्याची खोली वेगळी, हाताळणाऱ्यांना हातमोजे. घरातल्या प्रत्येकाला, खाज असो वा नसो, त्याच दिवशी औषध. काम सोडून गेलेल्या मावशींनाही शोधून काढून. इथे मेलनबीचा निष्कर्ष थोडा मोडतो. साध्या खरजेत घोंगडी निरुपद्रवी असली तरी खपलीच्या खरजेत अंथरुणावर पडलेल्या भुशातच किडे असतात. चादरी, कपडे उकळत्या पाण्यात घालायचे. ५० अंशांत दहा मिनिटं राहिला की किडा मरतो. गाद्या-उशांचं काय? त्या घट्ट पिशव्यांत बांधून आठवडाभर बाजूला ठेवतात. माळव्यातल्या वैशाखात गच्चीवर काळ्या पत्र्यावर टाकलेली गोधडीही हे काम बरंच करून टाकते.

उपचार लांबवून चालत नाही. भेगांतून स्टॅफ आणि स्ट्रेप जिवाणू रक्तात शिरतात. खपलीच्या खरजेने माणसं दगावतात ती बहुतेक या जंतुसंसर्गाने. साध्या खरजेतही स्ट्रेपने चिघळलेल्या फोडांमागून लहान मुलांची मूत्रपिंडं सुजल्याचं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही. फिजीमधल्या बेटांवर रोगी-निरोगी न बघता सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं, तर खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आलं.

आणि सियागंजातल्या पोत्यांचं काय? तिथल्या मालातलं पुष्कळसं या किड्यावर वापरून झालं आहे. गंधक तर जुनाच. ५ ते १० टक्के गंधकाचं मलम तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायांना आजही देतात, वास आणि कपड्यांवरचे डाग सोसायची तयारी हवी. १९९२ साली तमिळनाडूत ८१४ जणांना कडुलिंब आणि हळदीचा लेप लावला, त्यातले ९७ टक्के बरे झाल्याची नोंद आहे. आकडा मोठा आहे, पण लेप न लावलेला गट तुलनेला ठेवलाच नव्हता, तेव्हा किती हळदीने आणि किती आपोआप, ते त्यातून निघत नाही. लवंगेची बाजू जास्त भक्कम. २०१० साली छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात लवंगेच्या तेलाने आणि त्यातल्या युजेनॉलने किडे झपाट्याने मेले, जायफळाचं तेल बेताचं ठरलं. म्हणून कुणी शुद्ध लवंगतेल अंगाला चोळू नये, कातडी भाजून निघते.

नव्या औषधांची गरज मात्र खरी आहे. परमेथ्रिन पूर्वीसारखं लागू पडत नाही, ही तक्रार युरोपातल्या डॉक्टरांपासून आपल्याकडच्यांपर्यंत वाढत चालली आहे. त्यातला काही भाग मलम अर्धवट लावण्याचा, काही भाग किड्याच्या सरावण्याचा. शिवाय बरं झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते, कारण मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा कातडीतून झडायला तेवढा वेळ लागतो. घरचे घाबरून पुन्हा ट्यूब आणतात, डॉक्टर पुन्हा खरवडून बघतो, काही नसतं.

सध्या नजर आहे ती आयव्हरमेक्टिनच्याच घराण्यातल्या मॉक्सिडेक्टिनवर. आयव्हरमेक्टिन शरीरातून एक-दोन दिवसांत उतरतं, हे तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळतं. अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात तेव्हाही औषध अंगात हजर. मात्रांचं ते सगळं वेळापत्रक एका गोळीत आटपेल अशी आशा त्यामुळे वाटते. २०१६ साली तशाच खरूजवाल्या डुकरांवर ते तोंडावाटे एकदाच देऊन पाहिलं आणि ते आयव्हरमेक्टिनपेक्षा सरस ठरलं. त्यानंतर माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या.